दिवसाआडचं दव

रविवार, १ फेब्रुवारी

आजपासून ही रोजनिशी. हेतू एकच, लॉनच्या फवारा यंत्रणेची तांत्रिक नोंद. तक्रारी, भावना, घरगुती बाबी यात येणार नाहीत.

सकाळी सातला पहिली चाचणी. मोटर मी सुरू केली. सात वाजले, टायमरनं पाण्याचा वॉल उघडला आणि चारही कोपऱ्यांतून फवारे एकदम उडाले. पालीसारख्या गावात हे पहिल्यांदाच घडलं असावं. सत्यशीलाला बघायला हाक मारली. स्वयंपाकघरातून उत्तर आलं की दूध उतू जाईल. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण महत्त्वाच्या क्षणी तिचं दूध नेहमी गॅसवर असतं.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. विहीर वडिलांची, सामाईक. एक मोटर, एक पाईप, पुढे त्याला दोन फाटे. एक फाटा धोंडीरामदादाच्या मोसंबीला आणि त्याच्या अगदी शेवटाला आईच्या भाजीच्या वाफ्यांना. दुसरा फाटा माझ्या बंगल्याला, म्हणजे आता लॉनला. पाण्याची बारी दिवसाआड. एक दिवस दादा, एक दिवस मी. या महिन्यात विषम तारखा माझ्या आल्या आहेत. ज्याची बारी त्यानं मोटर सुरू करायची. मी कंपाउंडची भिंत बांधल्यापासून दादाचं आणि माझं बोलणं बंद आहे, पण बारी कधी चुकलेली नाही.

आईचीही बारीच आहे. एक महिना दादाकडं, एक महिना माझ्याकडं. कागदावर. प्रत्यक्षात ती माझ्याकडं आली की चार दिवसांत पिशवी भरते. बसून बसून अंग आंबतं म्हणते. तिचे तळपाय जळजळतात. मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता, ओल्या गवतावर सकाळी अनवाणी चाललं की तळपायाची आग थांबते. तेव्हाच ठरवलं. एक मार्चपासून आईचा महिना माझ्याकडं. तोवर लॉन हिरवंगार पाहिजे. यावेळी ती पूर्ण महिना राहणार.

ती गेली की घर लई मोठं वाटतं. (ही तांत्रिक नोंद नाही.)

टायमरचा प्रोग्राम: रविवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. दिवसाआड. बीडहून यंत्रणा बसवायला आलेला हारिस विचारत होता, सर, वारानं लावू का दिवसाआड लावू, दोनी हाय त्याच्यात. मी त्याला थांबवलं. वार लाव म्हणालो. शाळेचं वेळापत्रक पर्यवेक्षक म्हणून इतकी वर्षं मीच केलं. माझ्या काळात एका वर्गात एकाच तासाला दोन शिक्षक कधी उभे राहिले नाहीत. वारांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सात वाजता फवारे. अचूक.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

अचूक. शिरूर कासारहून मेव्हणे आले होते. लॉनकडं बघून म्हणाले, म्हशी कधी घेताय. त्यांच्याकडं प्यायला टँकर येतो, त्यामुळे सौंदर्यदृष्टी राहिलेली नाही. मी वाद घातला नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

अचूक. पहिला आठवडा निर्दोष. यंत्रणेवर नोंद करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. बहुधा ही रोजनिशी बंद करावी लागेल.

रविवार, ८ फेब्रुवारी

दादाची बारी. माझी बारी नसते त्या दिवशी मी आणि सत्यशीला तलावाच्या भिंतीवर फिरायला जातो. उजाडायला निघतो, ऊन चढायच्या आत परत. आज परत आलो तर लॉन ओलं. पाण्याचे थेंब पानापानावर. आपण पाणी दिलेलं नाही. म्हणजे दव.

तलाव जवळ असल्याचा फायदा. यंत्रणेला निसर्गाची जोड मिळते आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

माझी बारी. मोटर सुरू केली. सात वाजले. फवारे नाहीत. सव्वासात. नाहीत. पाईप थरथरायला लागला, विहिरीजवळचा जोड फटकन सुटला आणि मी छातीपर्यंत भिजलो. मोटर बंद करेपर्यंत माझं पाणी दादाच्या बांधावरून वाहून गेलं.

सोल्युशन लावून जोड बसवला. किरकोळ बाब.

सत्यशीला म्हणाली, आज सोमवार, सोमवार तुमच्या त्या डब्यात आहे का. मी म्हणालो, टायमरला दिवसाआड सांगितलेलं आहे आणि आज आपली बारी आहे, एवढं त्याला कळलं पाहिजे. ती बरं म्हणाली. तिला तांत्रिक बाबींत रस नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दादाची बारी. फिरून आलो. आज दव इतकं की कोपऱ्यात डबकं साचलं होतं. त्यात दोन साळुंक्या अंघोळ करत होत्या. दवाचं डबकं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. भूगोलाच्या सरांनी हसणारा चेहरा पाठवला. त्यांचा विषय कच्चा होता, हे मी तेव्हाही म्हणायचो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

माझी बारी. फवारे नाहीत. जोड पुन्हा सुटला.

सगळी नोझल खोलून सत्यशीलाच्या साडीच्या पिनेनं साफ केली. एका नोझलमध्ये मुंगी सापडली. कारण कळलं. आता अडचण येणार नाही.

दुपारी बायनावहिनी भिंतीपलीकडून बोलली. दादाचे निरोप तीच आणते. म्हणाली, भावजी, हे म्हणत्येत आपल्या बारीत पाण्याला जोरच न्हाई, मोसंबीला थेंब थेंब येतंय, शेवटाला तर वाफे कोरडेच हायेत, आत्याबाईची मेथी माना टाकायलीय. तुमच्याकडची चावी उघडी ऱ्हाती का बघा म्हणलेत.

मी वहिनीला सांगितलं की माझी चावी माणूस फिरवत नाही, टायमर फिरवतो, आणि टायमर खोटं बोलत नाही. दादाची मोसंबी म्हातारी झालेली आहे, ती पाणी पीत नसेल. वहिनी गेली.

आईचे वाफे वाळताहेत. वाईट आहे. पण एका दृष्टीनं बघितलं तर तिथला तिचा ओढा कमी होईल आणि ती इकडं रमेल. असं लिहायला नको होतं. राहू दे, कुणी वाचत नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

माझी बारी. नाहीत. या खेपेला जोड सुटायच्या आत मोटर बंद केली, ही प्रगती.

हारिसला फोन. म्हणाला, सर, मॅन्युअल बटन दाबा, पाणी चालू होईल, मंग बघू काय हाय ते. मी म्हणालो, मॅन्युअलच करायचं तर शिपायाला घंटा द्यायला ठेवावं तसं मी इथं उभं राहायचं का. टायमर कशाला घेतला मग. तो म्हणाला, बरं सर, मंग प्रोग्राम एकदा वाचून दाखवा. मी वाचून दाखवायला विद्यार्थी नाही. फोन ठेवला.

शांतपणे विचार केला. यंत्रणा माझ्या बारीलाच बंद पडते. दादाच्या बारीला बंद पडल्याचं एकदाही आढळलेलं नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. कुणीतरी माझ्या दिवशी माझा वॉल आवळून ठेवतं. विहिरीपाशी जाणारी माणसं दोनच, दादा आणि मी. मी आवळलेला नाही.

दादानं हे करावं? लहानपणी तलावात मला पोहायला त्यानं शिकवलं. पाठीवर घेऊन. मनाला फार लागलं.

संध्याकाळी वॉलच्या पेटीला कुलूप लावलं. किल्ली पायजम्याच्या नाडीला.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. माझी बारी. सात वाजता फवारे! चारही! मी जागेवरच हर हर महादेव म्हणालो. सत्यशीलाला वाटलं मंदिरात जायला निघालो.

कुलूप लावल्याबरोबर यंत्रणा सुरळीत. याहून मोठा पुरावा काय पाहिजे. चोर कोण हे आता सिद्ध झालं. उपवास असूनही साबुदाणा दोनदा घेतला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

अचूक.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

अचूक. दादाच्या बारीचे दिवसही शांत आहेत. वहिनीनं तीन-चार दिवस निरोप आणला नाही. उलट काल सत्यशीलाला म्हणे, आता मोसंबीला बरा जोर हाय, मोटर सुधारली वाटतं. मोटर सुधारली! दादा भ्यालेला आहे.

एक खटकतं. दव बंद झालं आहे. सम तारखांना लॉन कोरडं असतं. हवामान बदललं असेल.

शनिवार, २१ फेब्रुवारी

अचूक. गवत असं तजेलदार दिसतं की रस्त्यावरून जाणारी माणसं फाटकापाशी थांबतात. आष्टीकडून आलेल्या शेळ्यांच्या एका कळपाला मी स्वतः काठी घेऊन हाकललं.

आई दादाच्या गच्चीवर बसलेली दिसली. त्या गच्चीवरून आमचं लॉन सगळं दिसतं. मी हात केला. तिनं पण केला. मी लॉनकडं बोट दाखवलं आणि मग तिच्या पायांकडं. तिला कळलं नसावं. एक मार्चला कळेल.

रविवार, २२ फेब्रुवारी

दादाची बारी. फिरून आलो. दव परत आलं! भरपूर. फाटकापासून ओल.

संकल्प: वृत्तपत्रासाठी लेख. शीर्षक ‘दव: मराठवाड्याची दुर्लक्षित संपत्ती’. दिवसाआड पडणारं दव हे पालीचं वैशिष्ट्य आहे, यावर आजवर कुणीही लिहिलेलं नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

माझी बारी. फवारे नाहीत. कुलूप जागेवर, किल्ली नाडीला, आणि फवारे नाहीत. जोड फटकन सुटला. नवीन जागी सुटला.

जोड बसवताना सोल्युशन दोनदा सांडलं. राग नव्हता तो. आई येण्याला आठवडा राहिला.

दादाकडं दुसरी किल्ली आहे. दुसरं काही असूच शकत नाही. त्यानं साबणावर छाप घेतला असेल. उद्या त्याची बारी. उद्या फिरायला जायचं नाही. विहिरीपाशी लपून त्याला रंगेहाथ पकडायचं. पकडल्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं आहे: दादा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. इतकंच. मोठ्या भावाशी यापेक्षा जास्त बोलू नये.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सत्यशीला एकटीच फिरायला गेली. मी सूर्य उगवायच्या सुमारास विहिरीच्या अलीकडच्या बाभळीआड जाऊन बसलो. काटे. मुंगळे.

दादा आला. मोटर सुरू केली. माझ्या पेटीकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. कसलेला माणूस. मोसंबीत गेला, पाईपवर हात ठेवला, खाली बसला, फिल्टर खोलला, झटकला, परत लावला. मग तसाच डोक्याला हात लावून बसून राहिला. त्याचे केस एवढे पिकल्याचं मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात आवाज ऐकू आला. चिक चिक चिक चिक. अगदी माझ्या फवाऱ्यांसारखा. आमच्या भिंतीच्या बाजूनं आल्यासारखा वाटला, पण वारा तिकडून होता. बरोबर माझ्याच फवाऱ्यांचा आवाज. क्षणात सगळा उलगडा झाला. दादानं चोरून फवारे बसवले आहेत! माझं बघून! मोसंबीच्या आड कुठंतरी. म्हणून त्याला पाणी पुरत नाही आणि म्हणून तो माझं तोडतो. आणि वर जोर न्हाई म्हणून निरोप पाठवतो.

मी उठणार होतो. ते वाक्य बोलणार होतो. पण बांधावरून आई आली. डोक्यावर कळशी, हातात चरवी. हौदातलं पाणी घेऊन तिच्या वाफ्यांकडं चालली होती. पाय ओढत. मग रिकामी कळशी घेऊन परत. पुन्हा भरून पुन्हा. दादा उठला, तिच्या हातातली कळशी घ्यायला गेला, तिनं दिली नाही.

या वयात आईला पाणी वाहायला लावतो! संताप झाला. बाभळीतून उठताना सदरा फाटला. मी काहीही न बोलता परत आलो. बोललो असतो तर आईसमोर झालं असतं.

घरी आलो तर लॉनवर दव.

बुधवार, २५ फेब्रुवारी

माझी बारी. नाहीत. मोटर बंद करून तशीच बसून राहिलो.

वहिनी भिंतीपाशी आली होती. डोळे लाल. म्हणाली, भावजी, मी काय करू सांगा, मला दोनीकडून बोलणी. हे म्हणत्येत, सोमेश्वर माझं पाणी तोडतोय न् वर आईला न्यायला बसलाय. जो पाणी तोडतोय त्याच्या दारात आई पाठवायची न्हाई.

मी म्हणालो, पाणी तो तोडतो. वहिनी म्हणाली, त्ये म्हणत्येत तुमी, तुमी म्हणताय त्ये. मंग तिसरं कोण हाय, भूत हाय का.

मी सत्यशीलाला म्हणालो, आई यायचीच नाही म्हणजे. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. म्हणाली, तुम्ही आईंना एकदा विचारा तरी, त्यांना काय पाहिजे. मी म्हणालो, विचारून काय होणार, आईला स्वतःला काय पाहिजे ते तिनं आयुष्यात कधी सांगितलेलं नाही. म्हणून तर अंदाज करावा लागतो.

जेवण गेलं नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

दव. लेखाचा पहिला परिच्छेद झाला. मन लागत नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

माझी बारी. आईच्या आधीची शेवटची. फवारे नाहीत.

हारिसला पुन्हा फोन. तो लग्नात होता, मागं बँड वाजत होता. ओरडून म्हणाला, सर, सगळं पुसा न् परत भरा. हे पटलं. शाळेतही गोंधळ झाला की मी फळा स्वच्छ पुसून वेळापत्रक पुन्हा लिहायचो.

सगळं पुसलं. आजची तारीख, आजचा वार घातला. मग प्रोग्राम अत्यंत काळजीपूर्वक, एकेक अक्षर वाचत पुन्हा भरला: रविवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवारी सातच्या फेरीशिवाय दहाचीही एक फेरी टाकली. आई दहाच्या सुमारास आली तर तिला दिसावी म्हणून. आली तर.

शनिवार, २८ फेब्रुवारी

दव. आता त्याचंही कौतुक वाटत नाही.

दुपारी वहिनीचा निरोप. दादा आणि आईची बोलाचाली झाली. दादा पाठवत न्हाई म्हणाला. आई म्हणाली, मला काय कुणी पाठवाया लागत न्हाई, माझे पाय हायेत.

येते! आई येते! खोली झाडली. पंखा पुसला. बाथरूममध्ये घसरू नये म्हणून गोणपाट टाकलं. फवारे उद्या चालले पाहिजेत. इतक्या वर्षांत देवाकडं नोकरीतली बढतीसुद्धा मागितली नव्हती, आज फवारे मागितले.

रविवार, १ मार्च, सकाळी

सात वाजता फवारे! चारही! एकही नोझल अडलेलं नाही, जोड जागेवर, पाईप शांत. पुसून परत भरल्याचा परिणाम. मी म्हणत होतो ते खरं ठरलं. शेवटी विजय शिस्तीचा.

दुपारी

आई चालत आली. दादा बांधापर्यंत तिच्या मागं आला आणि तिथूनच वळला. आईची पिशवी लहान होती. बाकीचं सामान मागून येईल असं मी समजलो.

तिला फाटकापाशीच थांबवलं. दहा वाजले आणि फवारे उडाले. उन्हात पाणी नुसतं चकाकत होतं. आई बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग तिनं विचारलं, आज तर तुझी बारी हाय. मी म्हणालो, हो. म्हणाली, मंग काल धोंडूच्या बारीला हे कावून उडत व्हतं?

मी म्हणालो, ते दव असेल.

आई म्हणाली, सोमा, दव खालून वर उडतंय व्हय रे?

खुर्ची आणून दिली. ती बसली नाही. सांगत राहिली. गच्चीवरून तिला सगळं दिसत होतं. एक आठवडा माझ्या बारीला उडायचं, एक आठवडा दादाच्या. दादाच्या बारीला उडालं की मोसंबीचं पाणी तुटायचं आणि शेवटाला वाफ्यांना काहीच पोचायचं नाही. मी विचारलं, मग दादाला का सांगितलं नाहीस. म्हणाली, सांगितलं असतं तर त्यो कुऱ्हाड घिऊन तुझ्या पायपाकडं गेला असता, न् तू बी काय कमी न्हाईस. मोटर म्हातारी झालीय म्हणून सांगितलं त्याला. मी म्हणालो, मग मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तू लई आनंदात दिसायलास. हात करायलास तिकडून. म्हणलं त्याची हौस हाय, त्याचं गवत तरी जगू दे. वाफ्याला काय, मी कळशीनं घातलं. मेथी गेली. चुका ऱ्हायलाय थोडा.

तिचे तळपाय मी पाहिले. टाचांना भेगा, एका भेगेत रक्त वाळलेलं. मी म्हणालो, आई, हे सगळं तुझ्या पायांसाठी केलं. ओल्या गवतावर चाल. बरं वाटेल.

तिनं चप्पल काढली. माझ्या मनासाठी काढली, हे मला दिसत होतं. एक पाऊल गवतावर टाकलं, वाकून दोन काड्या उपटल्या, निरखल्या. म्हणाली, ही तर हरळी हाय. रानातनं काढता काढता माझा जनम गेला, न् तू इकत आणलीस.

संध्याकाळी

कॅलेंडर घेऊन बसलो. सत्यशीला शेजारी येऊन उभी राहिली, पण काही बोलली नाही, हा तिचा मोठेपणा. शनिवारनंतर लगेच रविवार येतो. शनिवारीही पाणी, रविवारीही पाणी. तिथून पुढचा अख्खा आठवडा दादाच्या बारीवर. पुढच्या शनिवार-रविवारी परत माझ्यावर. वेळापत्रकात एका वर्गात दोन शिक्षक उभे होते आणि मी बाहेरून दव बघत होतो.

आठवडा आठ दिवसांचा असता तर माझा प्रोग्राम बिनचूक होता, हे इथं नमूद करतो. शिवाय हारिसनं तो प्रश्न विचारला तेव्हा जरा जोर देऊन विचारायला हवा होता.

आईनं पिशवी उघडलीच नव्हती. चहा झाल्यावर उठली. उद्या धोंडूची बारी हाय, चुक्याला पाणी सोडायचंय म्हणाली. मी म्हणालो, टायमर बंद करतो, तू राहा, पाणी दादा सोडेल. म्हणाली, बंद तर करच. पण मी जाते. वाफे मार्गी लागले की येते. मी म्हणालो, इथं वाफे करू, ही सगळी हरळी काढू. ती हसली. म्हणाली, हरळी अशी निघत असती का बाळा, मुळी खोल जातेत तिच्या. आता दोन-तीन उन्हाळे लागतेत.

बांधापर्यंत सोडायला गेलो. पिशवी माझ्याकडं होती. दादा मोटरीपाशी उभा होता. त्याला सांगायचं होतं. जे ठरवून ठेवलं होतं ते वाक्य आता उपयोगाचं नव्हतं आणि दुसरं तयार नव्हतं. त्यानं हात पुढे केला, मी पिशवी दिली. आई मधून चालत गेली.

महिना ठरला होता. एक रात्रसुद्धा राहिली नाही. फार वाईट वाटतं आहे. (ही तांत्रिक नोंद आहे की नाही, ठरवता येत नाही.)

टायमर काढून माळ्यावर टाकला. आजपासून वारांचा संबंध संपला. फक्त तारीख बघायची. विषम तारीख माझी, सम तारीख दादाची. मोटरही हातानं, चावीही हातानं. इतकी सोपी पद्धत की यात चूक होणं शक्यच नाही.

फक्त या महिन्यात एकतीस तारीख आहे आणि तिच्या दुसऱ्या दिवशी एक तारीख. दोन्ही विषम. त्या दिवशी बारी कुणाची, ते दादाला विचारावं लागेल.